बँडवाल्यांचे कान

डॉक्टर पहिल्यांदा आमच्या टायपिंग क्लासात आले ते तक्रार घेऊन. दारात उभं राहून त्यांनी ती केली, आणि ती कुणालाच ऐकू आली नाही.

आठ यंत्रं एकदम चालू होती. मुली मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेला बसणार होत्या. चौकटीत एक उंच, वाळका माणूस उभा. पांढऱ्या शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं, कपाळावर भस्माच्या रेघा, आणि ओठ हलतायत. मला वाटलं, जप चाललाय. आमच्या पेठेत असे दारात उभे राहून जप करणारे बरेच यायचे. मी चार आणे पुढे केले. त्यांनी नाणं उलटंपालटं करून बघितलं आणि परत टेबलावर ठेवलं. मग मी हात वर करून वर्ग थांबवला, तेव्हा बोलण्याचा शेवट तेवढा कानावर पडला.

"...म्हणून म्हणतो बाई, यंत्रांखाली जाड गोणपाट घाला. या पोरींचे कान आहेत की."

ते खालच्या मजल्यावर नव्याने आलेले कान-नाक-घशाचे डॉक्टर. नाक आणि घसा ते पोटासाठी बघत, जीव सगळा कानावर. मूळचे दुधनीकडचे. घरी कानडी, बाहेर मराठी, रागावले की दोन्ही. पण रागातसुद्धा आवाज चढायचा नाही. 'मेल्लगे' हा त्यांचा आवडता कानडी शब्द, म्हणजे हळू. टांगेवाल्याला मेल्लगे, भांडणाऱ्या शेजारणींना मेल्लगे, आमच्या जिन्यावरून धडधडत उतरणाऱ्या मुलींना मेल्लगे. सहा महिन्यांत सगळी पेठ त्यांना मेल्लगे डॉक्टर म्हणू लागली, आणि त्यांना ती पदवीच वाटायची.

बाबा गेल्यानंतर क्लास मी चालवत होते. डॉक्टरांचे इंग्रजी अर्ज टाइप करायचं काम माझ्याकडे आलं आणि त्यामुळे चार-पाच वर्षं मला हा माणूस रोज बघायला मिळाला. ती सत्तरनंतरची वर्षं.

त्यांच्या खिशात पेनाच्या शेजारी दोन दातांचा एक लोखंडी काटा असायचा. तो गुडघ्यावर आपटला की घुमत राहायचा. मग डॉक्टर तो समोरच्याच्या कपाळावर टेकवून विचारायचे, "कुठल्या कानात जातंय?" समोरचा पेशंटच असला पाहिजे असं नव्हतं. पोस्टमन, तिकीट तपासनीस, त्यांच्या घरी मुलीला बघायला आलेले पाहुणे, सगळ्यांच्या कपाळाला तो काटा लागलेला. मुलीचं लग्न ठरलं ते, नवऱ्या मुलाने दोन्ही कानांत सारखं जातंय असं सांगितल्यावरच, असं त्यांच्या घरचे लोक सांगत.

काटा जवळ नसला तर भाज्या. वाण्याच्या दुकानात रांगेत ते तुमच्या मागे उभे राहायचे आणि अगदी बारीक आवाजात म्हणायचे, "दोडका." तुम्ही वळून बघितलंत तर ठीक. नाही बघितलंत तर "पडवळ." त्यालाही वळला नाहीत तर तुमच्या पिशवीत दवाखान्याच्या वेळेची चिठ्ठी पडायची. एकदा एक म्हातारी गर्रकन वळली आणि म्हणाली, "दोडका कुणाला म्हन्तोस रं? तुझ्या आईच्या वयाची हाय मी."

डॉक्टरांनी हात जोडले. "आजी, कान एकदम झकास आहेत तुमचे."

म्हातारीने घरी गेल्यावर शेजारणींना सांगितलं, की तो डाक्टर येडा हाय, पर मानूस चांगला हाय.

बँडवाल्यांचं प्रकरण नरसय्यापासून सुरू झालं. नरसय्या शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत राहायचा. दिवसा यंत्रमागावर टॉवेल विणायचा आणि लग्नसराईत संध्याकाळी बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. चाळिशीचा, मिशा कोरलेल्या, घरात तेलुगू आणि बाहेर सोलापुरी मराठी बोलणारा. त्या दिवशी मी टाइप केलेला कागद द्यायला खाली गेले होते, म्हणून त्याचं बोलणं मला ऐकायला मिळालं.

"डाक्टरसाब, वरचा सूर निघतोय का न्हाय, मला कळत न्हाय. बोटं सांगतात म्हणून वाजवतो. मास्तर म्हनला, एवढी सराई कर, पुढच्या सराईला येऊ नको."

"कानात आवाज येतो?"

"शिट्टी वाजते की. बँड थांबला तरी शिट्टी थांबत न्हाय."

"माग चालवताना?"

"तितं काय कळतंय, साब. तितं देव बोलला तरी ऐकू येत न्हाय."

डॉक्टरांनी काटा लावला, भाज्या म्हटल्या. नरसय्या एकाही भाजीला वळला नाही. जाताना त्याने पिशवीतून क्लॅरोनेट काढून दाखवलं, लेकराला दाखवावं तसं. वाजवून दाखवू का म्हणाला, आणि मग स्वतःच म्हणाला, नको.

तो गेल्यावर डॉक्टर बराच वेळ कापूस पिंजत बसले. मग म्हणाले, "बाई, वाजवणाऱ्यांचे कान कुणी मोजलेत का कधी? परदेशात मोजले असतील तर ते पियानोवाल्यांचे. आपल्या हलगीवाल्याचे, बँडवाल्याचे कुणी मोजले?"

मोजायला यंत्र हवं होतं. ऑडिओमीटर नावाचं, मुंबईहून येणारं आणि डॉक्टरांच्या दवाखान्यासारखे तीन दवाखाने विकले तरी न येणारं. म्हणजे अनुदान हवं. म्हणजे अर्ज.

त्या अर्जांनी माझी बोटं झिजली. डॉक्टर माझ्या टेबलाशेजारी बसून मजकूर सांगायचे, भोवती आठ यंत्रं कडाडायची, आणि त्यांचा आवाज तर देवघरातल्या समईएवढा. मी अंदाजाने टाइप करायची. दिल्लीच्या एका खात्याला पाठवलेल्या अर्जात मी सगळीकडे 'डेफ'च्या जागी 'डेथ' ऐकलं. 'सोलापूर जिल्ह्यातील वादकांमध्ये हळूहळू वाढत चाललेले मृत्यू' असा विषय झाला. इतर अर्जांना वर्ष वर्ष उत्तर यायचं नाही, याला पंधरा दिवसांत आलं. खात्याने तीव्र दुःख व्यक्त केलं होतं आणि पोलिसांत वर्दी दिली आहे काय, अशी विचारणा केली होती.

मी शरमेने अर्धी झाले. डॉक्टरांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "दुःख व्यक्त केलंय. हे आपलं पहिलं यश."

दुरुस्त अर्ज गेला. आरोग्याच्या खात्याने कळवलं, की वादक हा विषय कलेचा. कलेच्या खात्याने कळवलं, की कान हा विषय आरोग्याचा. शिवाय लग्नाचा बँड ही कला आहे, याबद्दल पुरावा जोडावा. डॉक्टरांनी पुरावा म्हणून नरसय्याचा गणवेशातला फोटो जोडला. तो परत आला, पाठीमागे 'फोटोत आवाज नाही' असं कुणीतरी पेन्सिलीने लिहून. दिल्लीतही एखादा गमत्या कारकून असतो, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी पैसे मिळाले ते घोड्यामुळे.

चादरीच्या कारखान्याचे एक मोठे मालक होते. त्यांच्या मुलाची वरात एका संध्याकाळी आमच्या रस्त्यावरून चालली होती. दोन बँड, पुढे हलगी, मागे ताशा. घोडा बिथरलेला. तो मागच्या पायांवर उभा राहत होता, आणि नवरदेव त्याच्या मानेला मिठी मारून बसला होता, मुंडावळ्या तोंडात गेलेल्या. वरातीतली माणसं ओरडत होती, त्याने घोडा आणखी बिथरत होता. मी गॅलरीतून बघत होते. खालून डॉक्टर कापसाचा गठ्ठा घेऊन बाहेर पडले. ते बँडच्या मधून सरळ घोड्यापर्यंत गेले, ओठ हलवत. मेल्लगेच म्हणत असणार. मोतद्दाराला त्यांनी काय सांगितलं कुणास ठाऊक, त्याने घोड्याचं डोकं खाली धरलं आणि डॉक्टरांनी दोन्ही कानांत कापसाचे बोळे सारले. घोडा दोन क्षण थांबला, त्याने मान हलवली, आणि मग ओढ्याकाठी चरायला आल्यासारखा उभा राहिला. डॉक्टरांनी लगेच बँडवाल्यांकडे मोर्चा वळवला. एकेकाच्या कानात बोळे. मग नवरदेवाच्या. नवरीच्या भावाच्याही घालणार होते, पण तो पळाला.

दुसऱ्या दिवशी मालकांचं बोलावणं आलं. ठेंगणे, करड्या टोपीचे, पान खाणारे गृहस्थ. त्यांना बँडवाल्यांच्या कानांत रस नव्हता, पण घोड्याचं त्यांना फार कौतुक वाटलं होतं. "एवढं लाखभर माणूस होतं रस्त्यात, अक्कल एकालाच," असं ते म्हणाले. त्यांचा एक धर्मादाय ट्रस्ट होता. ट्रस्टने यंत्र घेऊन दिलं.

यंत्र आलं आणि नवीन अडचण उभी राहिली. कान तपासायला शांत खोली लागते, आणि सोलापुरात शांत खोली कुठून आणायची? एका बाजूला माझी टायपिंगची यंत्रं, दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी, वर कावळे. मालकांनी कारखान्यातल्या डागी चादरी पाठवल्या. डॉक्टरांनी त्या भिंतींना, छताला, दाराला, तीन-तीन पदर करून खिळल्या. लाल-निळे मोर, कमळं, हत्ती, सगळीकडे. आत गेलं की गादीच्या पोटात शिरल्यासारखं वाटायचं. आणि महिना एप्रिलचा.

पाळीपाळीने वाजंत्री आत जायचे. कानांवर हेडफोन, आवाज ऐकू आला की बोट वर करायचं. बाहेर यायचे ते न्हाऊन आल्यासारखे निथळत. वळसंगचा एक हलगीवाला दारातच बसला आणि म्हणाला, "कान बरं हायती का ते मागनं सांगा, आदी पानी द्या." एक ट्रंपेटवाला आत झोपी गेला. त्याचं बोट झोपेतच वर राहिलं, आणि डॉक्टरांनी पाऊण तास आनंदाने नोंदी केल्या, की इतके तल्लख कान आपण आयुष्यात पाहिले नाहीत.

प्रत्येकाचा एक फॉर्म असायचा. नाव, गाव, वाद्य, किती वर्षं वाजवता, दुसरा उद्योग. त्यावरून तक्ते टाइप करायचं काम माझं. एका दुपारी क्लास सुटल्यावर मी सगळे फॉर्म बाकांवर मांडून लावत होते. वाद्यांप्रमाणे लावले. काही जुळेना. दोन हलगीवाले, दोघंही वीस वीस वर्षं वाजवणारे. एकाचे कान ठीक म्हणावेत असे, दुसऱ्याचे पार गेलेले. पुन्हा पुन्हा तेच. मग मी फॉर्म शेवटच्या रकान्याप्रमाणे लावून बघितले. शेती एका बाकावर, माग दुसऱ्या बाकावर. आणि मी खाली पळत गेले. त्या दिवशी मला जिन्यावर कुणी मेल्लगे म्हटलं नाही, कारण डॉक्टरांना मीच ओढत वर आणलं.

ते दोन्ही बाकांमधून बराच वेळ फिरले. नरसय्याचा फॉर्म त्यांनी उचलला आणि परत मागाच्या ढिगावर ठेवला.

"बाजा कान कुरतडतो," ते म्हणाले. "पण माग गिळतो."

"आता?"

"आता काय. लिहायचं की."

अहवालात एक पान वाढलं. मागाचं पान. अहवाल ट्रस्टकडे गेला आणि चार दिवसांनी मालक स्वतः दवाखान्यात आले. मी तिथेच होते. डॉक्टरांनी मला बसवून घेतलं होतं.

"डॉक्टर, काम झकास झालंय," मालक म्हणाले. "छापू आपण. पुण्याच्या परिषदेत पाठवू, तुमचं जायचं-यायचं ट्रस्ट बघेल. फक्त ते शेवटचं पान तेवढं काढा. विषय वाजंत्र्यांचा आहे ना? मग वाजंत्र्यांपुरतं लिहा. बँड वाजवून कान जातात, आम्हाला मान्य आहे."

डॉक्टर काहीतरी म्हणाले.

"काय?"

डॉक्टर पुन्हा म्हणाले. मालकांनी माझ्याकडे बघितलं. मला सांगावं लागलं, "ते विचारतायत, पान काढता येईल, पण त्या पानावरचे कान कुठं ठेवू?"

मालक उठले. चिडले नाहीत, आरडाओरडा केला नाही. टोपी नीट केली आणि म्हणाले, "बघा विचार करून. यंत्र ट्रस्टचं आहे."

डॉक्टरांनी विचार केला नाही. दुसऱ्या आठवड्यात मालकांचा मॅनेजर दोन हमालांना घेऊन यंत्र न्यायला आला. "आलाच आहात तर बसा," डॉक्टर म्हणाले, आणि तिघांचे कान तपासले. मॅनेजरचा डावा कान अधू निघाला. तो हेडफोन काढून तसाच बसून राहिला, मोरांकडे बघत. मग डॉक्टरांनी भिंतीवरची एक चादर उतरवली, यंत्र तिच्यात स्वतः गुंडाळलं आणि हमालांना कोपरे कुठे धरायचे ते दाखवलं. हातगाडी वळेपर्यंत ते रस्त्यात उभे होते. त्या संध्याकाळी मुली जिन्यावरून धडधडत खाली गेल्या आणि डॉक्टर काहीच बोलले नाहीत. मला ते मुळीच आवडलं नाही.

मी म्हटलं, "छापणार नसतील तर सांगा तरी. ज्यांचे कान आहेत त्यांना तरी कळू दे."

म्हणून बँडवाल्यांची बैठक. बँड ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळे वाजंत्री जमले, ढोलांवर, खोक्यांवर बसले. डॉक्टर उभे राहून बोलू लागले. पुढच्या दोघांनी कानामागे हात नेला. मागून कुणीतरी म्हणालं, "जरा मोठ्यानं की." डॉक्टरांनी थोडा आवाज वाढवला. पुन्हा तेच. निम्मी सभा बहिरी, याचा तक्ता त्यांच्या हातात होता आणि बोलत होते ते नेहमीसारखंच. ते थांबले, खाली बघितलं, घसा खाकरला. आणि ओरडले.

तसा आवाज मी माणसाचा ऐकला नव्हता. पन्नास वर्षं न वापरलेला आवाज तो. मिसरूड फुटलेल्या पोरासारखा चिरकत, फाटत होता. ज्यांना नीट ऐकू येत होतं ते दचकले. पण डॉक्टर थांबले नाहीत. बोळे कसे करायचे, कापसाला व्हॅसलीन किती लावायचं, ताशाच्या किती लांब उभं राहायचं, सगळं ओरडून सांगितलं. नरसय्या उठला.

"साब, बँड सोडला तर कान राहील?"

"माग," डॉक्टर ओरडले. "बँड सोडू नको. मागावर बोळे घाल."

नरसय्याला ते ऐकू आलं. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. शेजारचा त्याच्या पाठीवर थापट्या मारत राहिला. मग मास्तर म्हणाला, "ये पुढच्या सराईला. खालचे सूर वाजव. वरचे दुसरा कोन तरी वाजवंल."

दुसऱ्या दिवशी घशाच्या डॉक्टरांचा घसा पार बसला. एक अक्षर फुटेना. त्यांनी स्वतःच्या घशाला स्वतःच औषध लावलं, स्वतःला आठ दिवस बोलायचं नाही असं बजावलं, आणि चिठ्ठ्या लिहायला लागले. मी त्यांची चिठ्ठी वाचून पेशंटला सांगायची.

त्याच आठवड्यात भर दुपारी दोनला, रस्त्यात कुत्रंही नसताना, मालक आले. एकटेच, मागच्या दाराने. मला बघून घुटमळले. डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली.

"मॅनेजर सांगत होता, त्याचा डावा कान," मालक म्हणाले. "माझा उजवा. तीन-चार वर्षं झाली. घरात कुणाला ठाऊक नाही. मी सगळ्यांना हो म्हणतो."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. मालकांनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. एकाला ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याला बोलता येत नव्हतं, आणि दोघांचं इतकं छान जमलेलं मी कधी बघितलं नव्हतं. चिठ्ठीवर होतं: 'तपासतो. यंत्र तुमच्या गोडाऊनमध्ये आहे.'

संध्याकाळी यंत्र परत आलं, त्याच चादरीत. मालक मोरांच्या खोलीत तासभर बसले आणि घामाने ओलेचिंब होऊन बाहेर आले. डॉक्टरांनी कोरा फॉर्म काढला आणि माझ्याकडे सरकवला. मी विचारत गेले.

"दुसरा उद्योग?"

"कारखानदार लिहा."

डॉक्टरांनी नाही अशी मान हलवली आणि माझ्या हातातलं पेन धरून ठेवलं.

"माग," मालक शेवटी म्हणाले. "अठरा वर्षं. वडिलांच्या शेडमध्ये चार माग होते. रात्रपाळी, दिवसपाळी, दोन्ही मीच करायचो. मागाचा आवाज बंद पडला की आमची आई घाबरून उठायची, आज धंदा बुडाला म्हणून."

मी लिहिलं. मग वर बघितलं. "वाद्य?"

"वाद्य कसलं, बाई?"

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली: 'सर्वेक्षण वादकांचं आहे. वाद्याशिवाय फॉर्म धरता येत नाही.'

मालक विचारात पडले. परीक्षेत अडलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला. "लहानपणी मठात भजनाला टाळ वाजवायचो," ते म्हणाले. "सोमवारचा. तो चालेल?"

डॉक्टरांनी जोरात मान डोलावली. मी लिहिलं: टाळ.

"आणि ते पान," मालक जाताना दारात म्हणाले, "ते राहू द्या. नाव मात्र नको."

पुढच्या महिन्यात त्यांच्या कारखान्यात मागावरच्या प्रत्येकाला कापूस आणि व्हॅसलीनची डबी मिळू लागली. का, ते कुणी सांगितलं नाही. अहवाल मागाच्या पानासकट छापला. पुण्याच्या परिषदेत त्याचं काय झालं ते मला माहीत नाही. डॉक्टर तिथे इतक्या हळू बोलले, की अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटा वाजवली तेव्हा कुठे ते बोलत होते हे लोकांना कळलं.

पण त्या संध्याकाळी, मालक गेल्यावर, मी डॉक्टरांना विचारलं होतं. इतकी वर्षं एक आकडा इकडचा तिकडे न करणारा माणूस. "डॉक्टर, लहानपणी सोमवारी वाजवलेला टाळ, आणि त्यावरून मालक वादक?"

त्यांनी कागद ओढला आणि गंभीरपणे लिहिलं: 'टाळ कानाच्या फार जवळ वाजवतात. फॉर्म खोटा नाही.'

मग आवाज नव्हता म्हणून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसत बसले.